शौचावाटे रक्त: कोणाला घरी पाठवायचं, कोणाला ठेवून घ्यायचं

प्रश्न असा आहे: "मी ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. शौचावाटे लाल रक्त जातं म्हणून सतत कुणी ना कुणी येतं. रात्री ड्युटीवर एकटाच असतो. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी) आणि रक्तपेढी जिल्ह्याच्या गावी, दोन तासांवर. सगळ्यांना रेफर करणं शक्य नाही आणि घरी पाठवलं की मला झोप लागत नाही. ओकलंड स्कोअर ८ किंवा कमी असेल तर घरी पाठवा असं वाचलं, पण माझे बहुतेक रुग्ण १२-१५ च्या पुढेच जातात. हा स्कोअर आपल्याकडे चालतो का?"

चालतो, पण तो कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो हे ओळखून वापरावा लागतो. ज्यांना तपासणी न होता फक्त शंका आहे अशा वाचकांनी हे उत्तर वाचून घरच्या घरी निर्णय घेऊ नये. हे तपासणाऱ्यासाठी लिहिलं आहे.

आधी स्कोअर थोडक्यात. शौचावाटे रक्त गेलेल्यांपैकी कोणाला सुखरूप घरी पाठवता येईल हे तो गुणांच्या बेरजेने सांगतो. कॅथरिन ओकलंड आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ मध्ये मांडला. त्यामागे ब्रिटनमधल्या १४३ रुग्णालयांत झालेली राष्ट्रीय पाहणी होती. वय ४० च्या आत शून्य, ४० ते ६९ ला १, ७० पासून २. पुरुषाला १. याआधी याच कारणाने भरती झाला असेल तर १. बोटाच्या तपासणीत रक्त लागलं तर १. पल्स ७० च्या खाली शून्य, ७० ते ८९ ला १, ९० ते १०९ ला २, ११० पासून ३. वरचं बीपी १६० किंवा जास्त असेल तर शून्य, १३० ते १५९ ला २, १२० ते १२९ ला ३, ९० ते ११९ ला ४, ९० च्या खाली ५. हिमोग्लोबिन १६ किंवा वर असेल तर शून्य, १३ ते १५.९ ला ४, ११ ते १२.९ ला ८, ९ ते १०.९ ला १३, ७ ते ८.९ ला १७ आणि ७ च्या खाली २२. एकूण ३५. बेरीज ८ किंवा कमी आली तर रुग्ण सुखरूप घरी जाण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के. सुखरूप म्हणजे पुन्हा रक्तस्राव नाही, रक्त चढवावं लागलं नाही, रक्त थांबवायला काही प्रक्रिया करावी लागली नाही, मृत्यू नाही आणि २८ दिवसांत याच कारणाने परत भरती नाही.

आता पाहा, ३५ गुणांपैकी २२ एकट्या हिमोग्लोबिनकडे आहेत. ब्रिटनमधल्या माणसाचं हिमोग्लोबिन १०.४ आलं तर बहुधा रक्त गेलेलं असतं. आपल्याकडे तसं गृहीत धरता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. समजा तुमच्याकडे ३५ वर्षांची बाई आली. धुताना हाताला रक्त लागतं, शौचाला कडक होतं, दुखतं. पल्स ८४, बीपी ११०, हिमोग्लोबिन १०.४, बोटाला रक्ताची रेघ. बेरीज १९. त्यातले १७ गुण तिच्या रोजच्या हिमोग्लोबिनचे आणि रोजच्या बीपीचे आहेत. आपल्या शेतात राबणाऱ्या, बारीक अंगाच्या बहुतेक बायकांचं बीपी ११० च्या आसपासच असतं. ती इथे यायच्या आधीच १७ वर उभी होती, एक थेंबही रक्त न जाता.

त्यामुळे तुमचे रुग्ण १२-१५ च्या पुढे जातात यात नवल नाही. ब्रिटनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना ८ च्या वरच्यांना भरती करून कोलोनोस्कोपी करायला सांगतात. कोलोनोस्कोपी त्याच इमारतीत असेल तर ते ठीक आहे. पण हा स्कोअर २०२० मध्ये अमेरिकेतल्या १४० रुग्णालयांच्या ३८,०६७ रुग्णांवर तपासला गेला, त्यात काय दिसलं ते ध्यानात ठेवा. ज्यांचं पुढे काही बिघडलं त्यांतले ९८.४ टक्के ८ च्या वरच होते, म्हणजे धोक्याचा रुग्ण सहसा निसटत नाही. पण जे सुखरूप राहिले त्यांतलेही फक्त १६ टक्के ८ च्या आत बसले. मर्यादा १० केली तरी धोक्यातले ९६ टक्के पकडले जात होते आणि सुखरूप राहणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के घरी जाऊ शकत होते. मी याचा अर्थ असा घेतो: आकडा कमी आला तर तो तुम्हाला घरी पाठवायची परवानगी देतो. आकडा जास्त आला तर तो एवढंच म्हणतो की आता तू स्वतः बघ. तिथून पुढे तुमचं काम सुरू होतं.

त्या बाईकडे परत जाऊ. तिचं जुनं हिमोग्लोबिन शोधा. गरोदरपणातलं कार्ड, रक्तदानाचं कार्ड, मागच्या तापाचा रिपोर्ट, काहीही. गेल्या वर्षीही १०.६ होतं तर आज १०.४ म्हणजे काही घडलेलं नाही. जुना कागद नसेल तर सीबीसीमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, बघा. तांबड्या पेशी लहान असतील तर हा ॲनिमिया महिन्यांचा आहे. कालपरवा रक्त गेलेल्या माणसाच्या पेशी आकाराने नॉर्मल असतात. मग प्रॉक्टोस्कोपी करा, म्हणजे गुदद्वारातून छोटी नळी घालून आत बघा. फिशर (गुदद्वाराची चीर) दिसलं, वर आत मऊ शौच किंवा रिकामी आतडी दिसली, रक्ताच्या गाठी नाहीत, तर ही बाई स्कोअर १९ असूनही घरी जाते. लोहाच्या गोळ्या घेऊन, आणि दोन आठवड्यांनी परत येण्याची तारीख घेऊन.

आता उलट बाजू. ६६ वर्षांचा गृहस्थ, बीपी १५०, पल्स ६६, हिमोग्लोबिन १४.८, बोटाला रक्त नाही. बेरीज बरोब्बर ८. कागदावर हा घरी जाऊ शकतो. पण हृदयाची झडप बदललेली आहे, म्हणून तो रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम घेतो. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे, त्यामुळे पल्स वाढणारच नाही. एरवी त्याचं बीपी १७० असतं. आणि पाच तासांपूर्वी एकदा भांडंभर लाल रक्त गाठींसकट गेलं आहे. हिमोग्लोबिन अजून १४.८ दिसतं कारण रक्त जाताना पेशी आणि पाणी बरोबरच जातात. शरीराने किंवा तुमच्या सलाइनने ती जागा भरून काढली की मग आकडा उतरतो. याला मी घरी पाठवणार नाही. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) करीन, चार ते सहा तासांनी हिमोग्लोबिन परत करीन आणि त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय गोळीला हात लावणार नाही. स्कोअरमध्ये औषधांना एकही गुण नाही. यकृताला नाही, घराला नाही, आज रात्री कोण सोबत आहे यालाही नाही. रेफर करणारा कागद लिहिताना या गोष्टी आधी लिहाव्यात.

रुग्ण दारातून आत आला की माझं लक्ष स्कोअरकडे नसतंच. पल्स भागिले वरचं बीपी. उत्तर १ च्या वर आलं, म्हणजे पल्स ११० आणि बीपी १०० असं काही, तर घरी की भरती हा प्रश्नच संपला. दोन जाड सुया, ग्रुपिंग, १०८ ला फोन. या गटात लाल रक्त दिसत असलं तरी उगम वर, जठरात किंवा ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) असण्याची शक्यता दहातल्या एकाहून कमी नसते. गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा नाव नसलेल्या पुड्या घेणारी म्हातारी माणसं इथे सापडतात. पुड्या विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, कारण त्यांना त्या औषध वाटतच नाहीत. युरिया क्रिएटिनीनच्या मानाने फार चढलेला असेल तर वरच्या रक्तस्रावाचा संशय आणखी पक्का करा. दारू, कावीळ, पोटात पाणी, कमी प्लेटलेट यांपैकी काही असेल तरी घर नाही.

रुग्ण स्थिर असेल तर त्याला घाई करू नका. झोपवून बीपी-पल्स, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. पल्स ३० ने वाढला, किंवा उभं राहताच अंधारी येऊन बसावं लागलं, तर त्याला ठेवून घ्या, हिमोग्लोबिन काहीही असो.

किती रक्त गेलं हे "किती गेलं?" असं विचारून कळत नाही. घाबरलेल्या माणसाला चमचाभर रक्तही तांब्याभर वाटतं, आणि रात्री अंधारात गेलेल्याला तांब्याभर गेलेलंही दिसत नाही. मी असं विचारतो: शौचावर रेघ होती, शौच झाल्यावर थेंब थेंब पडलं, की शौचात मिसळलेलं होतं? शौच न होता नुसतंच रक्त पडलं असं किती वेळा? गाठी होत्या का? रात्री झोपेतून उठून जावं लागलं का? शेवटच्या दोन प्रश्नांना हो आलं की माझा सूर बदलतो. मग सिस्टरना सांगून ठेवायचं की याला आपल्याच संडासात, आपल्याच भांड्यात पाठवायचं आणि बघितल्याशिवाय पाणी टाकायचं नाही. चार-सहा तासांत झालेली ती एक शौच डोळ्यांनी पाहणं हे तुमच्या रुग्णालयात उपलब्ध असलेल्या सगळ्यात उपयोगी तपासण्यांपैकी एक आहे. तपकिरी शौच झाली, रक्त नाही किंवा जुनं काळसर थोडंसं आहे, तर रक्तस्राव थांबला आहे. पुन्हा लाल आणि पातळ, तर तो चालू आहे.

बोटाची तपासणी टाळू नका. गर्दी असते, पडदा नसतो, बाई संकोचते, सिस्टर दुसऱ्या वॉर्डात असते. तरीही. डाव्या कुशीवर घेऊन, सिस्टर सोबत ठेवून, समजावून करा. आतले मूळव्याधीचे कोंब बोटाला सहसा लागत नाहीत, त्यासाठी प्रॉक्टोस्कोप लागतो. बोट घालायचं ते गाठ शोधायला. गुदाशयाचा कॅन्सर बऱ्याचदा बोटाच्या टप्प्यात असतो आणि आपल्याकडे तो तिशी-चाळिशीतल्या माणसांतही सापडतो. महिनोन्‌महिने मूळव्याधीचं मलम लावून आलेल्या माणसात ती कडक, उंचसखल कड बोटाला लागते तेव्हा आधी कुणीच बोट घातलेलं नसतं. बोट बाहेर काढल्यावर ग्लोव्ह पांढऱ्या गॉजवर पुसा आणि उजेडात रंग बघा. लोहाच्या गोळीची शौच हिरवट काळी असते. वरच्या रक्तस्रावाची डांबरासारखी चिकट, घाण वासाची आणि पुसली तरी न जाणारी.

काही रुग्णांसाठी हा स्कोअर मुळातच नाही. ताप आणि रक्त एकत्र असतील तर पावसाळ्यात आधी डेंग्यू, आणि ताप दोन-तीन आठवडे चालू असेल तर टायफॉइडचे आतड्यातले व्रण डोक्यात ठेवा. आव आणि रक्त पडतंय, पोटात मुरडा आहे, तर तो संसर्ग आहे आणि त्याचा निर्णय पाणी किती कमी झालंय यावर होतो. तरुण माणसाला महिनाभर रक्ताचे जुलाब असतील आणि दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्तासह होत असेल, त्यासोबत पल्स ९० च्या वर, ताप ३७.८ च्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर ३० च्या वर यांपैकी एक जरी असेल, तर तो तीव्र अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण) समजून भरती करायचा. म्हाताऱ्या माणसाच्या डाव्या बाजूला आधी पोट दुखलं आणि मग रक्त पडलं, तर आतड्याचा रक्तपुरवठा कमी झाला असेल. हाही घरी जात नाही. कोलोनोस्कोपीत पॉलिप काढून दोन आठवडे झाले नसतील तर ज्यांनी काढला त्यांना फोन. पोटातल्या महाधमनीवर ग्राफ्टची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण फार क्वचित येईल, पण आला तर थोड्या रक्तालाही मोठा समजा.

एक गट आपल्या जिल्ह्यांत हमखास भेटतो, त्याबद्दल थोडं सविस्तर. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या बायका. शेक संपून काही महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, शौचाबरोबर रक्त जाऊ लागतं. एकेका वेळी थोडंच जातं, पण रोज जातं, आणि हिमोग्लोबिन गुपचूप सहावर येतं. त्या घाबरलेल्या असतात, कॅन्सर परत आला असंच वाटत असतं. यांना एका रात्रीचा धोका कमी असतो आणि महिन्यांचा मोठा. उभं राहता येतं, पल्स शांत आहे, हिमोग्लोबिन ७ च्या वर आहे, तर घरी जाऊ शकतात. पण रेफरची तारीख ठरवूनच, कारण सुक्राल्फेटचा एनिमा किंवा दुर्बिणीतून एपीसी (आर्गॉन वायू वापरून रक्त येणारी जागा भाजणं) केल्याने यांतल्या बऱ्याच जणींचं रक्त थांबतं. कागदावर ठळक लिहा: रेडिएशन झालेलं आहे, पुढच्या भिंतीची बायोप्सी टाळावी. त्या भिंतीला छेद गेला तर योनीमार्गाशी फिस्चुला (आरपार वाट) होऊ शकतो, आणि ते दुखणं रक्तापेक्षा वाईट.

औषधांबद्दल घरी पाठवताना तुमच्याकडून स्पष्ट वाक्य हवं. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बंद, कायमच्या. डायव्हर्टिक्युलममधून (मोठ्या आतड्याच्या भिंतीला आलेल्या पिशवीतून) रक्त गेलेल्यात त्या परत रक्तस्राव घडवतात. ॲस्पिरिन हार्ट ॲटॅक, स्टेंट किंवा पॅरालिसिस झालेला आहे म्हणून चालू असेल तर बंद करायचं नाही. कुणीतरी 'हृदयाला बरं' म्हणून सुरू केलेलं असेल तर बंद. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असलेला, ॲसिट्रॉमवाला, किंवा त्याच कामाच्या रिव्हारोक्सॅबान-अपिक्साबानवाला रुग्ण माझ्या हिशेबात पहिली रात्र रुग्णालयातच काढतो. शेवटची गोळी किती वाजता घेतली हे विचारून वेळ लिहून ठेवा.

ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं इंजेक्शन देऊन "आता थांबेल" म्हणत घरी पाठवण्याची सवय आपल्याकडे फार आहे. २०२० मध्ये आलेल्या हॉल्ट-इट चाचणीत पचनमार्गाच्या रक्तस्रावाचे १२,००० वर रुग्ण होते. या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत, पायाच्या आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या मात्र वाढल्या. इंजेक्शन दिल्याचं समाधान तुम्हाला मिळतं आणि रुग्णाला खोटा धीर मिळतो. त्या भरवशावर कुणालाही सोडू नका.

राहिलं घर. यावर मी तपासणीइतकाच वेळ घालवीन. घरी आणखी कोण आहे, त्याच्याकडे चार्ज असलेला फोन आहे का, गाडी आहे का, रात्री नदीवरचा फरशी पूल चालू असतो का? वाडीवर एकटी राहणारी सत्तरीची आजी आणि तालुक्याच्या गावात मुलासोबत राहणारी सत्तरीची आजी यांचा स्कोअर सारखाच येतो, पण मी पहिलीला सकाळपर्यंत ठेवतो. वैद्यकीय कारण नाही म्हणून संकोचू नका. केसपेपरवर सरळ लिहा: घरी सोबत नाही, अंतर जास्त, निरीक्षणासाठी भरती. संध्याकाळी पाचला आलेला, स्थिर पण शंका असलेला रुग्णही मी त्याच न्यायाने ठेवतो. सकाळी दहाला सोडलेला माणूस बिघडला तर दिवसभर एसटी असते.

जो घरी जाणार त्याच्या हातात मराठीत लिहिलेला कागद द्या आणि सोबतच्या माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्या. माझा असा असतो: "पुन्हा भांड्यात लाल रक्त किंवा गाठी पडल्या, डांबरासारखी काळी शौच झाली, उठल्यावर चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा दुखलं, पोट खूप दुखलं, तर वाट न पाहता, रात्र असली तरी, लगेच या. स्वतः गाडी चालवू नका, १०८ ला फोन करा. दुखण्याची कोणतीही गोळी घेऊ नका, क्रोसिन चालेल." लोहाच्या गोळ्या मी अशा रुग्णाला आठ दिवसांनी सुरू करायला सांगतो. लगेच सुरू केल्या तर शौच काळी होते आणि कागदावरची काळ्या शौचाची खूण निरुपयोगी होते. माणूस एक तर उगाच धावत येतो किंवा खरी काळी शौच गोळीवर ढकलतो.

आणि तपासणीची तारीख. "कधीतरी जिल्ह्याला जाऊन दुर्बीण करून घ्या" असं सांगितलेला रुग्ण जात नाही. रक्त थांबलेलं असतं, पेरणी किंवा लग्न आलेलं असतं. चाळिशी ओलांडलेला, वजन उतरलेला, शौचाची सवय बदललेली, जाऊन आल्यावरही राहिल्यासारखं वाटणारा, किंवा घरात आतड्याचा कॅन्सर झालेला, असा कुणीही असला तर प्रॉक्टोस्कोपीत मूळव्याध दिसली तरी कोलोनोस्कोपी दोन आठवड्यांत व्हायला हवी. मूळव्याध आणि कॅन्सर एकाच माणसात असू शकतात. त्याच्यासमोर जिल्हा रुग्णालयात फोन लावून दिवस ठरवा, तो केसपेपरवर लिहा, आणि ती तारीख त्याच्या गावच्या आशाताईंनाही कळवा. त्या घरी जाऊन आठवण करून देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी त्याला एक फोन करा, रात्री किती वेळा जावं लागलं आणि रंग काय होता एवढंच विचारायला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असलेल्याला तिसऱ्या दिवशी परत बोलावून ते पुन्हा करा. १ ग्रॅमपेक्षा जास्त उतरलं असेल तर मग मूळव्याध दिसलेली असो वा नसो, त्याच दिवशी रेफर.